लेन्समधला दोष शोधताना

फोटोतली धार नेमकी कधी गेली ते मला सांगता येणार नाही. बुद्धपौर्णिमेला ती गेलेली दिसली, एवढं खरं. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावलेल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका रांगेने बसलेल्या, त्रिशरण चाललेलं. मी पुष्कळ फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर एकेक मोठा करून बघायला लागले, तर सगळे चेहरे ओल्या बोटाने पुसल्यासारखे. ज्योतींना शेपट्या फुटलेल्या.

नवरा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "हललेत."

"हललेले नाहीत हो. सॉफ्ट आलेत."

"त्यात फरक काय?"

"हलला म्हणजे काढणाऱ्याची चूक. सॉफ्ट म्हणजे लेन्सची."

"मग सॉफ्टच असतील," तो म्हणाला आणि ताट घ्यायला गेला.

विहारातल्या बायकांना मी ते फोटो पाठवले नाहीत. कोणी विचारलं की कार्ड खराब झालं म्हणून सांगायचे.

मला लेन्समधलं कळतं असं मी म्हणते तेव्हा ती बढाई नसते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिली. आजोबा अंगठा उठवायचे, आप्पा चौथीपर्यंत. आप्पा म्हणजे माझे वडील. मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली, आणि आई गेल्यापासून ते डोंबिवलीत आमच्याकडेच असतात. कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदा बहिर्वक्र भिंग हातात धरलं आणि खिडकीबाहेरचं झाड उलटं होऊन कागदावर उतरलं, तेव्हा मी सरांना विचारलं होतं की हे एक दिवस घरी नेऊ का. सर हसले. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी मोठी झाली, आणि मग मी कॅमेरा घेतला. बांगड्या मोडून नाही, बांगड्यांच्या ऐवजी. त्यामुळे त्याच्याकडून चांगले फोटो येणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

पौर्णिमेनंतरचे महिने मी दोष शोधण्यात घालवले. ठाण्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा समोर ठेवून रिव्ह्यू वाचायचे. कोणती लेन्स मधे धारदार आणि कडेला मऊ, कॅमेऱ्याच्या कुठल्या बॉडीचा फोकस मागे पडतो, कोणती जोडी एकमेकांना मानवत नाही. हौशी लोकांचे ग्रुप असतात, तिथे माणसं सोयरीक जमवावी तशी कॅमेऱ्याला लेन्स जुळवतात. मी प्रश्न टाकला की पाच जण पाच उत्तरं द्यायचे, आणि प्रत्येक उत्तराने माझी धडधड थोडी वाढायची. आपण चुकीचं घेतलं. आपल्याला फसवलं. किंवा आपल्याला कळलंच नाही.

मग मी रीतसर प्रयोग मांडला. हॉलच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, कारण त्यातलं अक्षर सगळ्यात बारीक. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून फोटो, मग हातात धरून फोटो. असं कित्येक दिवस. आप्पा सकाळी चष्मा लावून त्या भिंतीपाशी उभे राहायचे.

"पोरी, पान बदल की गं. ही भाड्याने द्यायची खोली आता गेली असेल कोणाला तरी."

"आप्पा, तुम्ही बाजूला व्हा. सावली पडते."

ट्रायपॉडवरचे फोटो लख्ख यायचे, जाहिरातीतला स्वल्पविरामसुद्धा वाचता यायचा. हातातले गढूळ. आता यावरून कोणालाही जे सुचेल ते मला सुचलं नाही. मी शिकलेली, त्यामुळे मला दुसरं सुचलं. लेन्सच्या आत स्टेबिलायझर असतो. एक भिंग तरंगत ठेवलेलं असतं आणि हाताला बारीक धक्का बसला की ते उलट्या बाजूला सरकून तो जिरवतं. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना स्टेबिलायझर बंद ठेवतात, हातात घेतला की चालू करतात. म्हणजे चालू केल्यावरच फोटो बिघडतो. म्हणजे स्टेबिलायझर नादुरुस्त. तर्कात कुठे फट नव्हती. मला दोन दिवस फार बरं वाटलं.

ती लेन्स मी ग्रुपवर विकायला काढली. दोष लपवला नाही. स्टेबिलायझर कमजोर आहे, असं स्वच्छ लिहिलं आणि त्या हिशेबाने स्वस्तात दिली. कल्याणच्या एका मुलाने नेली. आठवड्याभरात त्याचा मेसेज आला: 'ताई, लेन्स एकदम कडक आहे. काहीच प्रॉब्लेम नाही. थँक्यू.' सोबत एका कुत्र्याचा फोटो. कुत्र्याच्या नाकावरचा ओलावा दिसत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तो फोटो मोठा करून करून त्यात दोष शोधत बसले. त्या पोराचा कॅमेराच लेन्सचा दोष झाकत असेल, अशीही मी स्वतःची समजूत घालून बघितली. मग नवीन लेन्स घेतली. मग, लेन्सचा दोष नसेल तर बॉडीचा असेल म्हणून, बॉडीही बदलली.

हिवाळ्यात ऑफिसातली मैत्रीण मला खडवलीला घेऊन गेली. ती माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत ताईपणा वगैरे काही ठेवत नाही. नदीच्या काठी सकाळचं कोवळं ऊन होतं आणि पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. पळत नव्हता, उडत नव्हता. जणू फोटोसाठीच आलेला. मी लेन्स त्याच्यावर धरली. लांबच्या लेन्समधून बघताना आपला प्रत्येक धक्का मोठा होऊन दिसतो, हे मला माहीत होतं. पण तो पक्षी चौकटीत थांबेचना. फांदीवर गप्प बसलेला पक्षी माझ्या डोळ्यासमोर नुसता थरथरत होता. मी श्वास रोखला, कोपर बरगडीला लावलं, पुस्तकात सांगितलेलं सगळं केलं. फोटो काढले. सगळे वाया.

"द्या बघू," मैत्रीण म्हणाली. तिने माझाच कॅमेरा घेतला, माझीच सेटिंग, आणि बोलता बोलता दोन फोटो काढले. स्क्रीन माझ्यापुढे धरली. खंड्याच्या छातीवरचं एकेक पीस मोजावं असं.

"ताई, काय भारी लेन्स आहे ही! आणि तुम्ही शिव्या घालताय बिचारीला."

"हो ना," मी म्हटलं.

कॅमेरा परत घेताना तिने माझ्याकडे बघितलं. "थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"नाही गं. का?"

"नाही, हात..." ती थांबली. "काही खाल्लंय का सकाळपासून?"

"नाही खाल्लं."

"मग असं कसं चालेल? बिस्किटं आहेत माझ्याकडे."

मी बिस्किटं खाल्ली आणि त्यानंतर परत निघेपर्यंत हात जॅकेटच्या खिशातून बाहेर काढले नाहीत. ती फोटो काढत राहिली. मी पक्षी दाखवत राहिले.

प्रयोगाचा पहिला नियम आम्हाला अकरावीत शिकवला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. मी लेन्स बदलली होती, बॉडी बदलली होती, कार्डसुद्धा बदललं होतं. हात तेच ठेवले होते. आणि निष्कर्षात त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

तरी मी लगेच शरण गेले नाही. पुढच्या शनिवारी टेंभी नाक्यापासून आत असलेल्या एका दुकानात गेले. आता मला अशी बॉडी हवी होती, जिच्यात लेन्सबरोबर चित्र टिपणारा सेन्सरसुद्धा तरंगता असतो. दुहेरी बंदोबस्त. दुकानदाराने मला वर-खाली बघितलं आणि एक छोटा, गुलाबीसर कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"हा बघा मॅडम, एकदम लाइट. लेडीज लोक हाच नेतात. रील बनवायला मस्त."

"मला रील बनवायची नाही. सेन्सरवर स्टेबिलायझेशन असलेली बॉडी दाखवा, आणि एक छोटी फिक्स लेन्स. झूम नको."

"अच्छा, मॅडम टेक्निकल आहेत!" तो खूश झाला आणि मागच्या कपाटातून डबे काढायला लागला. तेवढ्यात चहावाला आला. दुकानदाराने एक ग्लास माझ्यापुढे सरकवला. काठोकाठ भरलेला. "घ्या मॅडम."

"नको," मी म्हटलं. "मी चहा सोडलाय."

मी चहा सोडलेला नव्हता. त्याच सकाळी घरी दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून प्याले होते. ते वाक्य माझं नव्हतंच. ते आप्पांचं होतं, शब्द न् शब्द, आवाजासकट.

आम्ही कल्याणला कोळसेवाडीत चाळीत राहायचो तेव्हा मी ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं. बारशाला, साखरपुड्याला, मयताला. कोणाच्याही घरी गेलं की आप्पा हात मांडीखाली दाबून बसायचे आणि म्हणायचे, मी चहा सोडलाय. घरी आई त्यांना अर्धाच पेला द्यायची. त्यांचे हात कापायचे. फार नाही, पण ग्लास धरला की चहा कडेला लागायचा. आणि चाळीचं गणित सोपं असतं: हात कापतो म्हणजे घेतो. आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. आई त्यासाठी नळावर भांडायची, आप्पा कधीच भांडले नाहीत. कारखान्यात ते वजनकाट्यावर होते, रंगाची भुकटी मोजून द्यायचं नाजूक काम. भुकटी सांडायला लागली तसं फोरमनने त्यांना तिथून काढून ड्रम ढकलायला लावलं. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की काम बदललं. कारण सांगितलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं असं सगळ्यांना वाटत होतं.

मी दुकानदाराला फोन आल्याचं खोटं सांगितलं आणि बाहेर पडले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कापऱ्या हाताच्या आजाराचं म्हणून एक मोठं नाव आहे, सगळ्यांना ठाऊक असलेलं. ते मी फोनवर टाइप करायचे आणि उत्तर यायच्या आत बंद करायचे. ऑफिसात सही करताना दोघं-तिघं बघत असतील तर पेन नीट चालायचं नाही. वरण वाढताना डाव जड व्हायचा. मी हळूहळू घरातल्या घरात सोयी करायला लागले, भांडी अर्धी भरायला लागले. भीती दोन होत्या. एक त्या नावाची. दुसरी अशी की काही वर्षांनी आपल्याला कॅमेरा धरताच येणार नाही. खरं तर पहिली मोठी असायला हवी. पण मी दुसरीनेच जास्त हैराण होते. लॅबमधल्या त्या भिंगापासून कॅमेऱ्यापर्यंत पोचायला मला केवढा काळ लागला होता, आणि पोचले तर हे.

शेवटी नवऱ्यानेच विषय काढला. मी ताक ओतत होते.

"मी कधीपासून बघतोय," तो म्हणाला.

"काय बघताय?"

"अगं, मीही घरातच राहतो ना."

डॉक्टरकडे मात्र मी एकटी गेले. ठाण्यातल्याच, मेंदूच्या डॉक्टर, बाई होत्या. त्यांनी मला हात मांडीवर सैल सोडायला सांगितले आणि नुसत्या बघत राहिल्या. हात शांत होते. मग कागदावर जिलबी काढायला लावली, गोल गोल, बाहेरून आत. माझी जिलबी पाण्यात पडलेल्या दोरीसारखी आली. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. टेबल ओलं झालं.

"घरात आणखी कोणाचा हात कापतो?"

"वडिलांचा." मी ठरवायच्या आत तोंडातून गेलं.

"ते दारू घेतात?"

"नाही," मी जरा जोरातच म्हणाले. "कधीच घेतली नाही. कोणी काहीही म्हणो."

"चिडू नका. विचारायला कारण आहे. या प्रकारात थोडी घेतली की हात उलट स्थिर होतो, थोड्या वेळापुरता. औषध म्हणून घ्यायची नाही अर्थात." त्यांनी जिलबीचा कागद माझ्याकडे वळवला. "तुम्ही ज्याला घाबरून आलाय ते हे नाही. त्यात हात स्वस्थ असताना कापतो. तुमचा काम करताना कापतो. हे घराण्यातून येतं. जिवाला धोका नाही."

"वाढतं का?"

"हळूहळू वाढू शकतं. गोळी देते, काहींना चांगला फरक पडतो."

"मला कॅमेरा धरता येईल का?"

"आत्ता धरता ना?"

"धरते, पण पुढे?"

"पुढचं मी आज सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "वडिलांना घेऊन या एकदा."

घरी आले तेव्हा आप्पा मेथी निवडत बसले होते. निवडताना त्यांच्या हातांचं कोणाला काही दिसत नाही, म्हणून ते काम ते कायम मागून घेतात. मी समोर बसून सगळं सांगितलं. ते काड्या बाजूला टाकत ऐकत राहिले.

"म्हणजे पिणाऱ्याचा हात कापत नाही?"

"या आजारात, थोडा वेळ, कमी कापतो."

आप्पा एकदम हसले. "म्हणजे रोज एक क्वार्टर मारली असती, तर काट्यावरून कोणी हलवलं नसतं मला!"

मीही हसले. मग त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुझी आई पाहिजे होती. भांडायला केवढा मुद्दा मिळाला असता तिला." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "वडिलोपार्जित म्हणून तुला काही ठेवता आलं नव्हतं. तर हे निघालं."

"आप्पा, काहीही काय बोलता?"

"खरं ते बोलतो. कॅमेरा धरता येतो ना तुला?"

"कधी कधी."

त्यांना घेऊन मी परत ठाण्याला गेले. डॉक्टरांनी त्यांनाही जिलबी काढायला लावली. ती माझ्याहून वाईट आली आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला. बाहेर पडल्यावर म्हणाले, "तुझं ते दुकान कुठंय? आलोच आहोत तर बघून टाकू."

दुकानदाराने मला ओळखलं. मी पुन्हा माझी भाषा सुरू केली: कमी प्रकाशात चालणारी बॉडी हवी, शटर थोडं हळू ठेवलं तरी फोटो टिकायला हवा, कधी कधी विहारात वगैरे... तो मान डोलवत दोन-तीन मॉडेलं मांडत होता, चौथ्याचे फायदे सांगत होता. आप्पा स्टुलावर बसून ऐकत होते. मधेच उठले आणि काउंटरपाशी आले.

"अहो शेठ, हिचा हात कापतो," ते म्हणाले. "माझाही कापतो. घराण्यातच आहे आमच्या. त्याला चालेल असा दाखवा, झालं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. त्यांनी वळून बघितलं. आप्पांनी त्यांच्याकडेही बघितलं.

दुकानदाराने आमच्या दोघांच्या हातांकडे बघितलं. मग मांडलेली मॉडेलं बाजूला केली, जरा भरीव पकडीची एक बॉडी काढली, तिला पन्नास एमएमची छोटी लेन्स लावली आणि माझ्या हातात दिली. "हा ट्राय करा. फार हलका घेऊ नका, हलका जास्त हलतो. आणि मॅडम, लांबची लेन्स आता शक्यतो ट्रायपॉडवरच."

म्हणजे खंड्या गेला. मला ते माहीत होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मी कॅमेऱ्याची पकड उगाचच चाचपत राहिले. लेन्स निवडणं म्हणजे काय मिळतं ते बघणं, असं मला इतके दिवस वाटायचं. काय सोडायचं हेही त्यातच असतं, हे कुठल्याही रिव्ह्यूत लिहिलेलं नव्हतं. कोणाच्या हाताचा किती कापरा हा सेन्सर जिरवतो, तेही लिहिलेलं नव्हतं. ते मलाच बघायचं होतं.

"आप्पा, दारात उभे राहा."

ते दारात उभे राहिले. मागे रस्ता, रिक्षा, समोरच्या दुकानाची पाटी. मी शटर मुद्दाम हळू, म्हणजे जास्त वेळ उघडं, ठेवलं, जेवढ्यावर माझे फोटो गेले वर्षभर बिघडत होते तेवढंच.

"हलू नका हं."

"मी कुठे हलतोय? हात हलतात."

मी बटण दाबलं. स्क्रीनवर मोठं करून बघितलं, आणि बघताना माझे स्वतःचे हात जोरात कापत होते. आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या स्पष्ट. शर्टाच्या बटणातला दोरा स्पष्ट. मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत होती. माझा कापरा कॅमेऱ्याने जिरवला होता. त्यांचा नाही, कॅमेरा आपल्या धरणाऱ्याचा धक्का सांभाळतो, समोरच्याचा नाही. त्यामुळे सगळं स्थिर होतं आणि पोटासमोर अधांतरी धरलेल्या त्यांच्या हातांच्या जागी फक्त एक धुरकट पिवळसर डाग होता. हे हात पुढे कधीतरी माझे होणार, हे मला त्या स्क्रीनवर दिसलं. केव्हा, ते नाही दिसलं.

"शटर फास्ट करा मॅडम," दुकानदार मागून म्हणाला, "हातपण क्लिअर येतील."

"कसा आलाय?" आप्पांनी विचारलं.

"चेहरा छान आलाय."

"आणि हात?"

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, पुन्हा खाली घेऊन, बराच वेळ बघितलं.

"बरोबर आलेत," ते म्हणाले. "असेच आहेत ते." आणि दुकानदाराकडे वळले. "हाच द्या. पैसे तीच देणार आहे, मी फक्त सोबत आलोय."